कमळीची कार्ल्याची जत्रा

शिरवण्यात कुणाच्या घरी लग्न निघालं की नवरीचा बाप आधी रोहिदासच्या ओट्यावर येऊन टेकायचा. पानाला चुना लावता लावता विचारायचा, "कमळी मोकळी हाय ना वैशाखात?" तिचं होय आलं की मगच तिथीचं बोलणं पुढं सरकायचं.

कमळी रोहिदासची बायको. तिच्या हातचे वडे नसतील तो मांडव लोकांना सुना वाटायचा. तांदळाचं नि डाळींचं पीठ, त्यात बडीशेप आणि धणे घालून ती आदल्या दिवशीच भिजवून ठेवी. सकाळी गोळा तळहातावर थापून तेलात सोडला की असा टम्म फुगायचा, की पोरं कढईभोवती हटत नसत. मटणाच्या वाटणाचे कांदे ती निखाऱ्यात पुरून भाजायची. "तव्यावर भाजलेला कांदा नुसता काळा होतो, गोड होत नाय," असं म्हणायची. स्वभावानं गरीब, पण चुलीपाशी बसली की तिचा आवाज चढायचा. पाण्याला कोण, लाकडाला कोण, सगळं तिच्या शब्दावर चाले. सासू येसूबाईसुद्धा तिथं तिचं ऐकायची.

गाव तसं लहानच. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं. रोहिदासचा खारजमिनीचा एक तुकडा होता. ओहोटीला तो पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन चिखलात उतरायचा, मिळेल ती मासळी आणायचा. मैना ही त्यांची एकुलती एक लेक. उपाशी कुणी नव्हतं आणि वर्षातून एकदा कार्ल्याला जायला मिळत होतं, तेवढ्यात कमळीचं सुख मावत होतं.

कार्ल्याची एकवीरा ही आगऱ्याकोळ्यांची आई. चैत्र लागला की खाडीकाठच्या गावांतून बैलगाड्या जुंपल्या जात. गाड्यांत तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, सुका जवळा, बोंबील, कोंबड्यांचे झाप, मागं बांधलेला बोकड. पनवेल मागं टाकून बोरघाट चढायचा. चढावर बैलांना ओझं नको म्हणून बाया खाली उतरून गाणी म्हणत चालायच्या. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याकाठी गावाची चूल मांडली जायची, आणि ती चूल कमळीची.

सगळ्यांची जेवणं झाली की ती वर जायची. देवीपुढं डोकं टेकवून ती मागच्या लेण्यात शिरायची आणि एखाद्या खांबाला पाठ लावून गार दगडावर बसायची. हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं येसूबाईनं तिला नवी नवरी असताना सांगितलं होतं. वर पाहिलं की छताच्या लाकडी फासळ्या दिसायच्या, जसा एखादा मोठा मचवा पालथा घालून ठेवलाय आणि आपण त्याच्या पोटात बसलोय. तिथं तिला कुणी हाक मारत नसे. बाकी वर्षभर अशी जागा तिला कुठं मिळणार?

त्रेपन्न सालच्या वैशाखात गावातल्या गोवर्धनच्या लेकीचं लग्न होतं. कमळी कढईवर बसली होती. शेजारची सगुणा पिठाचे गोळे करून देत होती. बोलता बोलता सगुणानं नाक वर करून हुंगलं. कसला तरी करपल्याचा वास येत होता. तिनं खाली पाहिलं आणि किंचाळलीच.

"अगो कमळे, हात! हात बघ तुझा!"

चुलीतून निसटलेला निखारा कमळीच्या डाव्या मनगटाला चिकटून बसला होता. खालची कातडी जळत होती आणि कमळी शांतपणे पुढचा वडा थापत होती. तिनं निखारा झटकला. लोक धावले, कुणी पाणी ओतलं, कुणी केळीच्या बुंध्याचा रस लावला. "दुखतंय का?" असं जो तो विचारी आणि ती नाही म्हणे. सगळ्यांना वाटलं, बाई सोशीक. सगुणा तेवढी तिच्या हाताकडं बघत राहिली. कोपराजवळ तांबूस, कोरडा चट्टा होता.

रोहिदासनं तिला पनवेलच्या डॉक्टरकडं नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरनं चट्ट्यावर टाचणी टोचली आणि विचारलं, "कळतंय?" कमळीला वाटलं, अजून टोचायची आहे. डॉक्टर रोहिदासकडं वळले. "महारोग आहे. घाबरू नका. आता ह्याच्या गोळ्या निघाल्यात. बरीच वर्षं घ्याव्या लागतात, पण गुण येतो."

पहिल्या शब्दानंतरचं रोहिदासला काही ऐकूच आलं नाही. परतताना तो पुढं चालत होता, कमळी मागं. गावाजवळ आल्यावर तो थांबला, म्हणाला, "कुनाला बोलू नको." पण सांगायची गरजच नव्हती. सगुणाच्या एका मामाला हेच झालेलं होतं. तिनं चट्टा तेव्हाच ओळखला होता.

येसूबाई दुष्ट नव्हती. ती रडली, चुलीपुढं डोकं आपटून घेतलं. मग उठून कमळीचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं आणि तिची जर्मनची ताटली वेगळी काढली. विहिरीवर कमळीला मज्जाव झाला, तिचा हंडा मैना भरून आणी. मांडवात बोलावणं बंद झालं. घरच्या चुलीलाही हात लावायचा नव्हता. गोठ्यात बसून ती कान द्यायची. सासू कांदा तव्यावर भाजतेय हे तिला वासावरून कळे आणि जीव चुळबुळे.

डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या संपल्या तशा पुन्हा आणल्या नाहीत. येसूबाईचं म्हणणं, हे औषधाचं दुखणं नव्हे, देवाचं काहीतरी चुकलंय. "शिवरात्रीला घारापुरीला ने तिला. मंग चैतात कार्ल्याला. आय सोडवील."

शिवरात्रीला रोहिदास तिला घेऊन बेलापूरच्या बंदरावर गेला. गोटीराम तांडेल ओळखीचा. त्यानं दोघांना मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, बसवलं आणि बाकीच्या माणसांना मागं. मधे दोरखंडाची रास टाकली. "मचव्याचं वजन सांभालाया लागतंय," तो म्हणाला. रोहिदासनं मान हलवली. दोघांनाही खरं कारण माहीत होतं. ओहोटीच्या पाण्यावर मचवा खाडीतून मोकळ्या दर्यात आला, तसं कमळीला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. पाण्यावर तिला कुणी ओळखत नव्हतं.

घारापुरीला उरण-पनवेलकडची गलबतं लागली होती. वाटेवर बोरं, उकडलेली रताळी, कलिंगडाच्या फोडी घेऊन बाया बसल्या होत्या. रोहिदासनं उपासाची रताळी घेतली, सोलून अर्धं तिच्या हातावर ठेवलं. घरी हे जमलं नसतं. दोघं एका कातळावर बसून खात होती. येणारीजाणारी माणसं त्यांच्याकडं बघतही नव्हती.

लेण्यात शिरल्यावर अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. मग एकेक देव भिंतीतून पुढं आला. तीन तोंडांचा तो मोठा शंकर, खालच्या ओठाशी थोडंसं हसू असलेला. बाजूच्या मूर्तींपैकी कितीतरींचे हात कोपरापासून गेलेले, बोटं झडलेली, पाय गुडघ्यापासून नाहीत. जत्रेतला कुणीतरी सांगत होता, फिरंग्यांनी आत बार काढले, त्यात फुटले. एका मूर्तीला तर एकही हात धड नव्हता. तिच्या पायाशी बेलाचा ढीग पडला होता, एक बाई तिथं कपाळ टेकून पोराबाळांचं मागत होती.

कमळी बराच वेळ तिथं उभी राहिली.

"अवं, ह्याला हात नाय, तरी लोक पाया पडतान."

"देव हाय तो," रोहिदास म्हणाला.

"हां," म्हणाली, आणि पिंडीकडं वळली.

तिथं तिनं काय मागितलं ते तिनं त्याला सांगितलं नाही. रोहिदासनं मात्र तिच्या हाताचं मागितलं. परतीच्या मचव्यात तो तिला सारखा विचारत होता, "कळतंय का आता? हितं? हितं?" आणि नखानं तिच्या मनगटावर टोचत होता. तो इतक्या आशेनं विचारत होता, की शेवटी ती म्हणाली, "थोडंसं कळतंय." ते खोटं होतं.

त्या खोट्यावर रोहिदासनं चैत्रापर्यंतचे दिवस काढले. गावाच्या गाड्या कार्ल्याला गेल्या, त्यात त्यांना जागा नव्हतीच. दुसऱ्या दिवशी दोघं पनवेलहून यष्टीनं निघाली. कमळीनं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं. घाटात यष्टी वळणं घेत होती आणि ती खिडकीतून जुनी वाट शोधत होती, जिथं बाया उतरून गात चालत.

पायथ्याशी ही गर्दी. ढोल, ताशा, बोकडांचं ओरडणं, धुरानं डोळे चुरचुरत होते. शिरवण्याची चूल ओढ्याच्या वरच्या अंगाला पेटली होती. दोघं लांब, खालच्या आंब्याखाली जाऊन बसली. ऊन उतरलं की वर जायचं ठरलं. रोहिदास पाणी आणायला गेला.

शेजारी अलिबागकडचं एक मोठं कुटुंब उतरलं होतं. घरातली कर्ती मालतीबाई, पांढऱ्या केसांची, ठसठशीत कुंकवाची. तिची थोरली सून तापानं फणफणून घोंगडीवर पडली होती आणि धाकट्या दोघी पिठाशी झटापट करत होत्या. पहिले वडे तेलात गेले ते चपटेच राहिले. पुरुष माणसं वरून दर्शन करून भुकेली येऊन बसली होती. मालतीबाईनं इकडंतिकडं पाहिलं. तिला आंब्याखाली एकटी बसलेली कमळी दिसली.

"बाय, तू आमच्यातलीच दिसतंस. वडे येतान का गो तुला?"

कमळीनं आपल्या हातांकडं पाहिलं. उठून नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. तिला ते कळत होतं, पक्कं कळत होतं. पण वर्षभरात तिच्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं. समोर पीठ नीट फेसलेलं नव्हतं, तेल नको तितकं तापलं होतं, आणि हे दोन्ही तिला बसल्या जागेवरून दिसत होतं.

ती उठली. राखेनं हात धुतले, पुन्हा धुतले. पिठात थोडं कढत पाणी शिंपडून मळलं, चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. डाव्या हाताला चटका कळत नाही, म्हणून उजव्यानंच काम करत राहिली. पहिला वडा फुगून वर आला तशी धाकटी सून खिदळली. "अगो, भोपळा झाला भोपळा!"

रोहिदास पाणी घेऊन आला आणि तिथंच खिळला. कमळीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तो तिला थांबवायला पुढं झाला नाही. कळशी खाली ठेवून तो बाजूला बसला.

माणसं जेवली. बोटं चाटत जेवली. मालतीबाईनं आग्रहानं कमळीला आणि रोहिदासला पान वाढलं, कमळीच्या पानात मटणाची नळी घातली. "माज्या सुनांना शिकव गो. पुढच्या चैतात हितंच भेट," ती म्हणाली. मग कमरेची कुंकवाची डबी काढून तिनं अंगठ्याशेजारच्या बोटानं कमळीच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट कपाळावर टेकलं आणि कमळीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाचं बोट आपल्याला लागतं तेव्हा कसं वाटतं, ते ती विसरून गेली होती.

त्याच वेळी सगुणा हंडा घेऊन खाली उतरत होती. ती थबकली. कढई, परात, कमळीचे पिठाचे हात, सगळं तिनं पाहिलं.

"अवं माय! हिच्या हातचं खाल्लंत? महारोगी हाय ती!"

धाकट्या सुनेनं घशात बोटं घातली. पोरांच्या हातातले वडे हिसकावले गेले, कढई लाथेनं कलंडली, तेल विस्तवावर सांडून भडका उडाला. मालतीबाईचा मुलगा रोहिदासवर धावला. बैल हाकायच्या काठीनं त्यानं रोहिदासला पाठीवर, खांद्यावर मारलं. रोहिदासनं हात वर केला नाही. त्याला वाटत होतं, माणूस बरोबर मारतोय. आपण तोंड उघडून तिला थांब म्हटलं असतं तर हे घडलंच नसतं.

कमळी मात्र फक्त मालतीबाईकडं बघत होती. म्हातारीनं एक शिवी दिली नाही. ती खाली बसली, मूठभर माती घेतली आणि कुंकू लावलेलं बोट घासायला लागली. घासत राहिली, कातडी लाल झाली तरी घासत राहिली.

वर देवी होती आणि दोघं खालूनच परत फिरली.

बातमी त्यांच्या आधी शिरवण्यात पोचली. आता गोठ्याकडं मैनालासुद्धा कुणी जाऊ देईना. पोर चौदाची झाली होती. तिला बघायला करंजाड्याचे लोक येणार होते, ते आलेच नाहीत. "घरात तसलं दुखनं हाय असं ऐकलं," असा निरोप आला. दुसरीकडूनही तसंच.

पावसाच्या तोंडावर एका दुपारी येसूबाई गोठ्यात आली. वर्षभरात पहिल्यांदाच ती कमळीजवळ खाली बसली. पदराचं टोक पिळत राहिली.

"कमळे, पोरीचं काय करायचं गो?"

कमळी गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"मी मेली म्हनून सांगा, आत्याबाय. खारीत गेली म्हना. पानी वढून नेतं, प्रेत गावत नाय."

येसूबाई तोंडात पदर कोंबून रडली. पण नको म्हणाली नाही.

पहाटे रोहिदासनं गाडी जुंपली. मैना दारात उभी होती. कमळीनं तिला लांबूनच "आजीचं ऐक" म्हटलं. पोरीला पुढं यायचं होतं, येसूबाईनं तिचा दंड धरून ठेवला होता. पनवेलच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत महारोग्यांसाठी एक आश्रम उघडला होता, तिथं रोहिदासनं कमळीला सोडलं. इकडं गावानं खाडीत मचवे घालून शोधल्यासारखं केलं. येसूबाईनं दहावं-बारावं घातलं. सगळ्यांना संशय होता, पण गोवर्धनपासून सगुणापर्यंत एकानंही बाहेर तोंड उघडलं नाही. गावानं तिच्यासाठी तेवढंच केलं. पुढच्या वैशाखात मैना करंजाड्याला नांदायला गेली.

आश्रमात कमळीला औषध मिळालं. माणसं चांगली होती, कुणी हिडीसफिडीस करत नसे. तिच्या स्वयंपाकाची कीर्ती तिनं स्वतःच कधीतरी बोलता बोलता सांगून टाकली, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकबाई यशोदाबाई हौसेनं म्हणाल्या, "मग आमचं स्वयंपाकघर तुम्हीच घ्या की. इथं सगळे एकाच दुखण्याचे. कोण काय म्हणणार?"

"मी झाडलोट करीन," कमळी म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा. दर वेळी हेच उत्तर. तिथं राहून तिनं अंगण झाडलं, गुरांचं शेण काढलं, सूत कातलं, पण दुसऱ्याच्या ताटात पडेल असं काही केलं नाही. डाव्या हाताची बोटं हळूहळू आत वळली. डाव्या पायाचीही जाणीव गेली.

रोहिदास अधूनमधून यायचा. सुका जवळा आणायचा, कधी भाजलेले बोंबील. कुंपणाशी दोघं बसायची. त्याला बोलायला फारसं नसे. एकदा तो आला तो मान खाली घालूनच.

"आय ऐकत नाय. बायको मेलेला गडी किती दिस असा राहील, लोक इचारतान बोलते. नाय म्हनायला कारन काय सांगू?"

कमळीला ते पटलं. खरंच, काय सांगणार?

"कोन हाय?"

"कोपरखैरन्याची. रांडाव हाय. नाव सखू."

"जेवन बरं करते का?"

रोहिदास कुंपणाच्या तारेला धरून हुंदके देऊन रडला. ती त्याच्याकडं बघत बसली. हात लावावा असं वाटलं, लावला नाही.

साठ सालाच्या सुमारास आश्रमातल्या डॉक्टरनं तिला तपासून हसत सांगितलं, "बाई, तुमचा आजार गेला. तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही. आता खुशाल घरी जा."

"कुठल्या घरी?" कमळीनं विचारलं.

डॉक्टरला ती थट्टा वाटली. यशोदाबाईंना सगळं माहीत होतं, त्यांनी रोहिदासला निरोप धाडला. तो आला. सखूला दिवस गेले होते, येसूबाई थकली होती, मैनालाही लेक झाली होती. हे सगळं सांगून तो थांबला. "मैना खुशाल हाय गो. तिच्या सासरी…"

"नाय येत," कमळी म्हणाली. "मी नाय येत. तुमी जा."

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं, मग वर्षा-दीड वर्षावर गेलं. ती मेलेलीच होती. फक्त इथं रोज सकाळी उठून अंगण झाडत होती.

पुढं एका चैत्रात, काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं यशोदाबाईंकडं कार्ल्याला जायची परवानगी मागितली. "तेव्हा दर्शन राहिलं," एवढंच म्हणाली. खरं म्हणजे तिला देवीला एक विचारायचं होतं. शिवाय करंजाड्याची माणसंही चैत्रातच जातात, हेही तिला माहीत होतं.

चढण तिला जड गेली. पाय कुठं पडतोय ते कळत नसल्यानं दर पायरीकडं बघून चढावं लागे. वर पोचली तेव्हा रेटारेटी होती. गुलाल, नारळाचं पाणी, "आई माउलीचा उदो" म्हणून घसा फोडणारी माणसं. ती रांगेतून ढकलली गेली आणि अचानक शेंदराचा तो मुखवटा, ते मोठे डोळे समोर आले. तिनं तोंड उघडलं. काय विचारायचं ते तिनं यष्टीत पुन्हा पुन्हा घोळवलं होतं. पण "आये" एवढं म्हणेपर्यंत मागून लोंढा आला, पुजाऱ्यानं "चला, चला" केलं आणि ती दुसऱ्या दारानं बाहेर फेकली गेली. पुन्हा रांगेत उभं राहायचं त्राण नव्हतं. लेण्याच्या तोंडाशीही माणसांची भिंत होती. ती उतरू लागली आणि अर्ध्या वाटेवर दम लागून पायरीच्या कडेला बसली. दोन्ही बाजूंना भिकारी बसलेले होते. कुणीतरी जाता जाता तिच्या ओटीत खोबऱ्याचा तुकडा टाकला. तिनं तो काढून टाकला नाही.

खालून एक ताफा येत होता. पालखीपुढं ताशा, मागं हिरव्या लुगड्यातल्या बाया. कमळीनं चाल ओळखली. अंगानं भरली होती, नाकात मोठी नथ होती, पण डावा खांदा जरा उचलून चालायची ती लहानपणापासूनची तऱ्हा तीच. मैना होती. कडेवर दोन-तीन वर्षांची पोर.

कमळीनं पदर पुढं ओढला. मग तिला आवरलं नाही, पदर मागं झाला. मैनाची नजर तिच्यावरून गेली, पुढं सरली आणि परत आली. मैना उभीच राहिली.

"काय गो? कोन ती? वलखीची हाय?" मागून सासू सुमित्राबाईनं विचारलं.

"नाय," मैना म्हणाली. "बसलेय बिचारी."

परडीतला नारळ आणि एक वडा काढून ती पुढं झाली. वाकली. वरूनच तिनं ते कमळीच्या ओटीत सोडलं. कडेवरच्या पोरीला म्हातारीच्या कपाळावरचं हिरवं गोंदण दिसलं. तिनं हसून हात पुढं केला. इवलीशी बोटं कमळीच्या गालाला लागणार, तोच मैनानं पोरीला असं झटक्यानं मागं ओढलं, की पोर भोकाड पसरून रडायला लागली.

कमळीनं मैनाच्या डोळ्यांत पाहिलं. लेकीनं ओळख नाकारली त्याचं तिला दुःख झालं नव्हतं. ते तर तिनंच ठरवून दिलं होतं. पण तो झटका सासूला दाखवण्यासाठी नव्हता. तो खरा होता. आईला पाहून लेकीला भीती वाटली होती.

"जा बाय, जा," कमळी हळूच म्हणाली. "आय तुझं भलं करो."

मैना पदरानं तोंड झाकून चढू लागली. तिनं वळून पाहिलं की नाही ते कमळीला कळलं नाही, कारण ती खाली बघत होती. ओटीतला वडा शेजारच्या आंधळ्या माणसाला देऊन ती उतरली.

आश्रमात यशोदाबाईंनी विचारलं, "झालं का दर्शन?" तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं कुठंही जायची परवानगी मागितली नाही. झाडलोट चालू राहिली, बोलणं जवळजवळ थांबलं. एका पावसाळ्यात छातीत कफ भरला. औषध दिलं तर घेई, नाही दिलं तर मागत नसे. सदुसष्ट सालच्या भाद्रपदात ती गेली.

निरोप मिळाल्यावर रोहिदास आला. पाऊस लागला होता, लाकडं ओली होती. आश्रमातल्या चौघांनी खांदा दिला, त्यांच्यातल्या कुणाच्याच हाताला पुरती बोटं नव्हती, त्यामुळं तिरडी हळूहळू न्यावी लागली. रोहिदासनं अग्नी दिला. कवटी फुटेपर्यंत तो पावसात उभा होता. येताना वाटेत करंजाडं लागतं. गावच्या फाट्यावर तो थोडा वेळ थांबला, मग तसाच पुढं निघाला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. सखू चुलीपाशी होती. ओला सदरा बघून तिनं विचारलं, "कुठं होतान सकालधरून?"

"पनवेलला. जाल्याचं सूत बघाया."

"गावलं का?"

"नाय."

तिनं पान वाढलं. तो हातपाय धुऊन आला आणि जेवायला बसला.